अभ्रक आभाळातून पडत नाही



आधीच सांगून टाकतो. मी इतिहासाचा पदवीवाला नाही. दहावीला गणितात गेलो आणि सूतगिरणीत लागलो. रिंग खात्यात साइडा सांभाळतो, तुटलेला धागा जोडतो, तिसऱ्या पाळीत डोळ्यांवर झापड यायला लागली की मनातल्या मनात कविता जुळवतो. जे वाचलं ते सार्वजनिक वाचनालयात, शब्दकोश शेजारी ठेवून वाचलं. तेव्हा या लेखात पांडित्य शोधू नका. चूक सापडली तर मात्र तोंडावर सांगा.

गोष्ट सुरू झाली घरात. माझी धाकटी बहीण ब्युटीपार्लरमध्ये कामाला आहे. लग्नसराईत सकाळी सहाला जाते, रात्री दहाला येते. दुसऱ्यांच्या नवऱ्या नटवते. एकदा तिनं एक संपलेली डबी घरी आणली, आयशॅडोची. आरसा चांगला होता म्हणून. झाकणावर हिरवं पान काढलेलं आणि वर मोठ्या अक्षरांत ‘नॅचरल’. मागं मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत सगळा मालमसाला छापलेला. त्यात एक शब्द – मायका. पुढं सीआय ७७०१९.

मी विचारलं, “हे काय असतं गं?”

“मला काय ठाऊक दादा. चमकतं ते.”

शब्दकोशात मायका म्हणजे अभ्रक. आता अभ्रक मला ठाऊक होतं. घरची इस्त्री जळाली तेव्हा आमच्या खात्याच्या वायरमननं ती उघडून दाखवली होती. आत चकचकीत पातळ पत्र्यावर तार गुंडाळलेली. तो पत्रा अभ्रकाचा. वीज त्यातून जात नाही, आगीत जळत नाही, काचेसारखं आरपार दिसतं आणि वहीच्या पानांसारखं सुटतं. पण इस्त्रीतली वस्तू नवरीच्या पापणीवर कशी चढली?

डबी खिशात घालून पाळीला गेलो. जेवणाच्या सुट्टीत आमच्या खात्यातल्या एका सोबत्यानं ती बघितली. तो झारखंडचा, गिरिडीह जिल्ह्यातला. नाव इथं घालत नाही. त्याच्या गावात त्याची माणसं अजून राहतात. त्यानं डबीच्या कोपऱ्यात उरलेली भुकटी अंगठ्यावर घेतली, ट्यूबलाइटखाली धरली आणि म्हणाला, “अरे, ये तो ढिबरा है.”

ढिबरा. हा शब्द माझ्या शब्दकोशात नव्हता.

गिरिडीह, कोडरमा आणि पलीकडं बिहारातला नवादा – या पट्ट्यात अभ्रकाच्या जुन्या खाणींच्या तोंडाशी टाकून दिलेल्या माती-दगडांचे ढीग पडलेत. ढीग कसले, टेकाडंच. त्यात बारीक अभ्रक मिसळलेलं असतं. साहेबाच्या काळात त्याला मोल नव्हतं म्हणून फेकलेलं. तो फेकलेला चुरा म्हणजे ढिबरा, आणि तो वेचून जगणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथं आहेत.

माझा सोबती सात वर्षांचा असताना ढिबऱ्याला लागला. माय लोखंडी सळईनं खणायची, पोरं पाटीत भरायची, चाळायची, हातानं निवडायची. वरचं वेचून संपलं की खाली जायचं. खाली जाता जाता बीळ होतं. मोठ्या माणसाचे खांदे अडकतात, पोराचे अडकत नाहीत. म्हणून पोरगं आत. अभ्रकाची कड ब्लेडसारखी असते. बोटांना बारीक बारीक चिरा पडतात आणि मीठ-भात खाताना झोंबतात, हे त्यानं मला बोटं दाखवून सांगितलं. “रात को ढिबरी जलाते थे तो पूरा घर चमकता था,” तो म्हणाला. अंथरूण चमकायचं, बहिणीचे केस चमकायचे, ताटातला भात चमकायचा. किलोला पाच-सहा रुपये मिळायचे. घेणारा मोटारसायकलवर काटा घेऊन यायचा.

त्याच्या चुलतभावाच्या अंगावर ढीग बसला. पोलिसांत कुणी गेलं नाही. गेलं तर पोलीस आधी विचारणार – जंगलखात्याच्या जमिनीत तू काय करत होतास? घेणाऱ्यानं बापाच्या हातावर पैसे ठेवले. किती ठेवले ते त्यानं मला सांगितलं. मी ते इथं लिहीत नाही.

मी त्याला जात विचारली. हा प्रश्न विचारताना माझी जीभ जड होते, पण विचारला. तो भुइयाँ. त्याच्याबरोबर वेचणारे तुरी, रविदास, संथाळ, बिरहोर, आणि गरीब मुसलमान. घेणारा? तो हसला. “वो ढिबरा नहीं चुनता.” आमच्या युनियनमधले एक जुने कार्यकर्ते शेजारी डबा खात होते. ते म्हणाले, हा भुकेचा प्रश्न आहे, यात जात कशाला काढता. मी म्हटलं, भूक सगळ्यांना लागते साहेब, पण बिळात ठरावीक घरांतलीच पोरं का जातात तेवढं सांगा. ते डबा धुवायला उठले.

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी मी अभ्रकाचा माग काढत बसलो. जे सापडलं ते मांडतो.

संस्कृतात अभ्र म्हणजे ढग. रसशास्त्राच्या जुन्या पोथ्यांत कथा आहे – इंद्रानं वृत्राला मारायला वज्र उगारलं, त्याच्या ठिणग्या आभाळातून डोंगरांवर पडल्या, तेच अभ्रक. झालं! आभाळातून पडलं म्हटल्यावर ते उपसायला माणूस लागतच नाही. याच अभ्रकाचं भस्म वैद्य लोक देतात. शंभर पुटं दिलेलं शतपुटी, हजार पुटं दिलेलं सहस्रपुटी, आणि जितकी पुटं जास्त तितका भाव जास्त. एक पूट म्हणजे खड्ड्यात गोवऱ्या रचून ते एकदा भाजून काढणं. असं हजार वेळा. मला वैद्यकी कळत नाही, पण माझ्या आजीनं गोवऱ्या थापल्यात, म्हणून एवढं विचारतो – हजार पुटांच्या गोवऱ्या थापल्या कुणी, वाहिल्या कुणी, राख उपसली कुणी? पोथीत वैद्याचं नाव आहे, देवाचं आहे, राक्षसाचंसुद्धा आहे.

मग इंग्रज आला आणि त्याच्या पाठोपाठ वीज आली. विजेच्या यंत्राला अभ्रक लागतं. मोटारीत लागतं, रेडिओच्या व्हॉल्व्हमध्ये लागतं, विमानाच्या स्पार्क प्लगमध्ये लागायचं. आणि सगळ्यांत उत्तम पत्री अभ्रक छोटा नागपूरच्या उत्तर कडेला, सुमारे दीडशे किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात. दुसऱ्या महायुद्धात तर याच्यावाचून दोस्तांचं अडलं. १९४२ साली इंग्रज आणि अमेरिकन सरकारांनी मिळून कलकत्त्याला अभ्रक खरेदीचं खास मिशन बसवलं.

आता इथं थोडं थांबतो, कारण असली मेख इथं आहे. खाणीतून अभ्रक निघतं ते दगडासारखं, त्याला ‘बुक’ म्हणतात. त्याच्या कडा विळ्यानं छाटायच्या, मग चाकूनं त्याचे पापुद्रे सोडवायचे. इंचाच्या हजाराव्या भागाएवढे पातळ, आणि पापुद्रा फाटता कामा नये. हे काम हातानं होत असे. कुणाच्या हातानं? बायकांच्या आणि पोरांच्या. कारखान्यात बसून, नाहीतर घरी माल नेऊन. म्हणजे ज्या रेडिओवरून युद्धाच्या बातम्या ऐकत साहेब व्हिस्की पीत होता, त्या रेडिओच्या पोटात कोडरम्याच्या एखाद्या दहा वर्षांच्या पोरीनं सोडवलेला पापुद्रा होता.

रेडिओचं निघालं म्हणून सांगतो. तुमच्यापैकी कुणाच्या आई-बापांना विचारा – झुमरीतिलैया! विविध भारतीवर ‘आपकी फर्माइश’ लागलं की हे नाव आलंच. आख्ख्या हिंदुस्थानाला वाटायचं, हे गाव खरं की निवेदकानं बनवलेलं? खरं आहे. कोडरम्याला लागून आहे, अभ्रकाच्या व्यापाराचं गाव. पोस्टकार्डावर लिहून पाठवलेली तिथली नावं देशानं ऐकली. त्याच रेडिओच्या पोटातल्या पापुद्र्यावर कुणाचं नाव नव्हतं.

पोरं काम करतात हे सरकारला ठाऊक नव्हतं असं नाही. व्हिटले साहेबाच्या रॉयल कमिशननं १९३१ च्या अहवालात कायद्याबाहेरच्या कारखान्यांचं वेगळं प्रकरण लिहिलं; विडी, गालिचा, कातडी, लाख यांच्या ओळीत अभ्रकही आहे. पुढं १९३८ साली बालकामगारांचा कायदा झाला. त्याला एक यादी जोडली होती. ती मी वहीत उतरवून घेतली आहे: विडी वळणं, गालिचे विणणं, सिमेंट, कापड छपाई-रंगाई-विणकाम, आगकाड्या आणि दारूगोळा, अभ्रक कापणं व सोडवणं, लाख, साबण, कातडी कमावणं, लोकर साफ करणं. या दहा ओळींत आपली सगळी बिरादरी बसली आहे. आणि बघा, साबण, लाख, अभ्रक – नटण्याची अर्धी पेटी या यादीत आहे. या कामांच्या कारखान्यात बारा वर्षांखालच्या पोराला ठेवायचं नाही, असा कायदा.

पण कायद्याला शेपूट होतं. मालक भाडोत्री मजूर न लावता फक्त आपल्या घरच्यांच्या मदतीनं काम करत असेल तर हे लागू नाही. म्हणजे घरात चालतं! व्यापाऱ्यानं काय करायचं? माल घरी पाठवायचा. पोर तेच, चाकू तोच, बोट तेच. फक्त छप्पर बदललं की कायदा आंधळा. १९८६ चा बालकामगार कायदा आला, त्याच्या यादीत अभ्रक राहिलं आणि घराची सवलतही राहिली. २०१६ ला दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या सगळ्या पोरांना कामावर बंदी. पण धोक्याची कामं सोडून, शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात ‘मदत’ करायला मुभा. ‘घर’ हा शब्द किती गोड आहे. आपल्याकडं हागणदारी साफ करायलाही घराणीच नेमलेली होती.

आता बाबासाहेबांकडं येतो. बाबासाहेब म्हटलं की आपल्याला महाड आठवतं, घटना आठवते, दीक्षाभूमी आठवते. अभ्रकाच्या खाणीत त्यांना कोण शोधायला जातो? मीही गेलो नव्हतो. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, एवढंच परीक्षेपुरतं ठाऊक. महाराष्ट्र शासनानं काढलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचा दहावा खंड पूर्ण त्या चार वर्षांचा आहे. मी तो चार महिने वाचत होतो, पानाला पन्नास शब्द अडायचे. त्यात एप्रिल १९४६ च्या सुमाराला येऊन थांबलो. अभ्रक खाण कामगार कल्याण निधी विधेयक. मांडणारे – माननीय डॉ. भीमराव आंबेडकर.

माझ्या हातात माझ्या बहिणीची डबी होती. खोटं सांगत नाही, अंगावर काटा आला.

कायद्याची करामत बघा. खाणी जंगलात विखुरलेल्या, मालक हिशेब दडवणार, मजूर आज इथं उद्या तिथं. त्यांच्याकडून वर्गणी गोळा कोण करणार? तर बाबासाहेबांच्या खात्यानं हात घातला बंदरावर. हिंदुस्थानातलं बहुतेक अभ्रक परदेशी जायचं. जहाजावर चढणाऱ्या मालाच्या किमतीवर जास्तीत जास्त सव्वासहा टक्के कर बसवायचा आणि तो पैसा मजुरांसाठी वेगळा ठेवायचा. दवाखाना, पिण्याचं पाणी, धुण्या-अंघोळीची सोय, शाळा, घर. सल्लागार समितीत मालकांचे जितके, मजुरांचे तितकेच प्रतिनिधी, आणि निदान एक तरी बाई असलीच पाहिजे. १९४६ साली! आमच्या गिरणीच्या कुठल्याही समितीत आज एक बाई दाखवा, मी रिंग खातं सोडतो.

या निधीतून कोडरम्याजवळ करमा इथं मोठं इस्पितळ उभं राहिलं. अभ्रकाच्या खाणीत दगड फोडताना जी धूळ उडते ती छातीत दगड होऊन बसते – सिलिकोसिस. त्याच्या जोडीला क्षय. आम्हाला कापसाच्या धुळीनं दमा धरतो, त्यांना दगडाच्या. आमच्या सुताच्या कोनाच्या पेटीवरही छापतात – ‘शंभर टक्के नैसर्गिक कापूस’. ते वाचून आम्ही एकमेकांकडं बघून खोकतो.

तर एवढा कायदा झाला, मग माझ्या सोबत्याच्या मायला दवाखाना का मिळाला नाही? हा प्रश्न मला फार दिवस छळत होता. उत्तर तीन-चार तुकड्यांत सापडलं.

स्वातंत्र्यानंतर त्या पट्ट्यात शेकडो खाणी होत्या, हजारो माणसं हजेरीपटावर होती. रशिया मोठं गिऱ्हाईक. सरकारनं १९७० च्या दशकात अभ्रकाच्या व्यापारासाठी वेगळी कंपनीही काढली. मग व्हॉल्व्ह गेला, ट्रान्झिस्टर आला. १९८० ला वनसंरक्षण कायदा आला. बऱ्याच खाणी जंगलात, त्यांचे पट्टे पुन्हा मिळेनात. १९९१ ला सोव्हिएत रशियाच मोडला. खाणी बंद पडल्या. हजेरीपट मिटले. माणसं मात्र तिथंच राहिली. शेत नाही, खडकाळ जमीन, आणि दारात साठ-सत्तर वर्षांचे ढीग.

दुसऱ्या बाजूला, दूर कुठंतरी, चमकीचं शास्त्र बदलत होतं. पूर्वी लिपस्टिक-नखपॉलिशमध्ये मोत्याची झाक आणायला माशांच्या खवल्यांतला अर्क वापरत. १९६० च्या दशकात नवी युक्ती निघाली. अभ्रकाच्या बारीक कणावर टिटॅनियमचा पातळ थर चढवायचा, मोती तयार. लोहाचा गंज चढवला की सोनं तयार. या कामाला मोठं पान लागत नाही. भुकटीच करायची असते, मग चुरा चालतो. म्हणजे विजेच्या धंद्यानं जे फेकलं होतं ते रंगाच्या आणि नटण्याच्या धंद्याला हवं झालं. ढीग हीच खाण झाली.

(नीट बोललं पाहिजे म्हणून सांगतो. सगळं अभ्रक पावडर-लाली खात नाही. मोटारींच्या रंगात, प्लास्टिकात, विजेच्या सामानात ते मोठ्या प्रमाणावर जातं. पण मोटारीवर कुणी हिरवं पान काढून ‘नॅचरल’ लिहीत नाही.)

आता आकडे. २०१३-१४ साली सरकारी दप्तरात देशाचं अभ्रक उत्पादन सुमारे १९ हजार टन. आणि परदेशी गेलेलं अभ्रक सुमारे १ लाख २८ हजार टन. दहावीला गणितात गेलेल्या माणसालाही ही वजाबाकी येते. १ लाख ९ हजार टन! जुना साठा धरा, काहीही धरा, एवढा माल आला कुठून? इंद्राच्या वज्रातूनच पडला असणार.

हा सगळा ढिबरा. आणि कायद्यातला ‘कामगार’ म्हणजे खाणीत कामाला असलेला माणूस. ढिगावरच्या बाईला मालक नाही, हजेरी नाही, पट्टा नाही. सरकारी भाषेत ती कामगार नाही, जंगलात घुसलेली आहे. तिचं पोर बालकामगार नाही, आईबरोबर गेलेलं आहे. माल मोजला जातो, बंदरावर ग्रॅमपर्यंत मोजला जातो. हात मोजला जात नाही. बाबासाहेबांनी मालावरून हाताकडं जायचा जो रस्ता काढला होता, तो मधेच उखडून टाकला. काम कचऱ्याचं ठरवलं की माणूस हिशेबातून गळतो; ही युक्ती आपल्याला नवी आहे का? गटारात उतरणारा आपला माणूस ठेकेदाराच्या वहीत कधी सापडतो का?

मग २०१६ साल. दोन परदेशी संस्थांनी मिळून अहवाल काढला – झारखंड-बिहारच्या या पट्ट्यात २२ हजारांपर्यंत मुलं अभ्रकात आहेत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रॉयटर्सच्या बातमीदारांनी छापलं की दोन महिन्यांत सात मुलं ढिगाऱ्याखाली मेली आणि ती मरणं दाबली गेली. तेव्हा जग हललं. पुढं राष्ट्रीय बालहक्क आयोगानं पाहणी केली; झारखंडच्या अभ्रक भागात ६ ते १४ वयाची ४,५४५ मुलं शाळेत जात नाहीत असं निघालं. २०१७ ला पॅरिसमध्ये कंपन्यांनी एकत्र येऊन ‘जबाबदार अभ्रका’साठी संघटना केली. काही कंपन्यांनी जाहीर केलं, आम्ही खाणीचं अभ्रक सोडतो, कारखान्यात बनवलेलं वापरतो.

टाळ्या वाजवायच्या आधी मी माझ्या सोबत्याला विचारलं. तो म्हणाला, “ढिबरा बंद हुआ तो खाएँगे क्या?” मला उत्तर आलं नाही. कंपनीनं हात धुतले, माल बदलला, डबीवरचं पान तसंच. ज्या घरानं तीन पिढ्या छाती झिजवली त्याचा हिशेब कुठल्या खात्यात मांडला? मला वाटतं, बहिष्कारानं ग्राहकाचं मन साफ होतं. मजुराला हवा आहे पट्टा, परवाना, किलोचा बांधलेला भाव आणि पोरासाठी शाळेत मास्तर. ढिबरा वेचायचा हक्क कायदेशीर करा, ही मागणी तिथली माणसं स्वतः करतात. त्यांच्या मागणीवर आपण आपली दया चढवू नये. शिवाय एक दार बंद झालं की धंदा दुसरं शोधतो. मादागास्करमध्ये हेच अभ्रक, हीच पोरं, एवढंच सांगून सोडतो.

हे सगळं मी घरी येऊन बहिणीला तावातावानं सांगितलं. वरून म्हणालो, सोड ही नटवानटवी, दुसऱ्याच्या रक्ताची चमक आहे ही. ती कपडे धूत होती. हात न थांबवता म्हणाली, “मग तू इस्त्री सोड. रेडिओ सोड. गिरणीच्या मोटारी बंद कर. बायांचंच तेवढं दिसतं काय तुला?”

मी गप्प.

“आणि एक सांगू का दादा? आपल्या आजीला पायात चप्पल घालायची सोय नव्हती गावात. आज तिची नात पाटलाच्या सुनेच्या चेहऱ्याला हात लावते. त्या गोष्टीला तू नटवानटवी म्हणतोस.”

तिचं बरोबर होतं. डिसेंबर १९२७ ला महाडात बाबासाहेबांनी आपल्या बायांना वेगळं बसवून सांगितलं होतं – अस्पृश्यपणाची खूण दाखवणारे ते जड चांदी-कथलाचे दागिने टाका, लुगडं नीट नेसा, स्वच्छ राहा, चारचौघींसारख्या दिसा. नीटनेटकं दिसणं हीच आपल्याकडं बंडखोरी होती. ज्यांना गळ्यात काय घालायचं तेही दुसऱ्यानं ठरवून दिलं, त्यांच्या लेकीबाळींना मी पुरुष उठून साधेपणाचं कीर्तन सांगू लागलो तर मनूचा जुना कारकून नि माझ्यात फरक काय? माझा राग चुकीच्या पत्त्यावर गेला होता. मी तसं तिला म्हणालो. ती म्हणाली, “बालदी भरून दे.”

नंतर एका रविवारी सोबत्याला घरी जेवायला बोलावलं. आईनं त्याला ‘पोरा, लाजू नको’ म्हणत दोनदा भात वाढला. जेवण झाल्यावर मी जळालेल्या इस्त्रीतला तो अभ्रकाचा पत्रा त्याच्यासमोर ठेवला. त्यानं बघितल्या न बघितल्यासारखं केलं, अंगठ्याच्या नखानं कोपरा उचलला आणि बोलता बोलता एकाचे सहा पापुद्रे करून चटईवर ओळीनं मांडले. एकही फाटला नव्हता. बहीण बघत राहिली. तिनं विचारलं, “ये सिखाया किसने?” तो म्हणाला, आजीनं. आजी कारखान्यात होती, हजेरीपटावर. तिच्याकडं करम्याच्या इस्पितळाचं कार्ड होतं. बापाकडं नव्हतं.

बहिणीनं डबी घेतली आणि मागचं वजन वाचलं. दीड ग्रॅम. किंमत वाचली. मग मोबाइलवर हिशेब करत बसली, किलोला किती पडले. आकडा सांगितला तेव्हा सोबती आधी हसला, मग त्यानं तो आकडा पुन्हा सांगायला लावला.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आपल्या अभ्यासवर्गात दहाव्या खंडातलं हे विधेयक वाचायचं ठरवलं आहे. मराठीत मी सांगेन, जमेल तसं. सोबती त्याच्या खोरठा-हिंदीत ढिबऱ्याचं सांगणार आहे. बहीण म्हणते, मी येते, पण पार्लरच्या चौघी मैत्रिणींना घेऊन येणार आणि आम्ही सतरंजीवर मागं बसणार नाही. तेव्हा पोरांनो, पुढची जागा मोकळी ठेवा.